तळ

उलबोसिनचा बाप जिथे नांगर टाकायचा
तिथेच ती आता नांगरटीच्या ओळी मोजत चालते.
समुद्र नेमका कधी गेला, ते कुणालाच सांगता येत नाही.
रोज थोडा थोडा मागे सरकला,
उठू की नको अशा बेताने बसलेल्या पाहुण्यासारखा,
आणि एके दिवशी मुयनाकच्या धक्क्यावरून
नुसता तळ दिसला.

तिच्या नावाचा अर्थ ‘मुलगा होऊ दे’.
सहावी मुलगी झाली, तेव्हा बापाने अल्लापुढचा अर्ज
तिच्याच अंगावर चिकटवून टाकला.
मुलगा काही झाला नाही.
होड्याही उरल्या नाहीत, म्हणून वारसाचं अडलं नाही.

तीन हिवाळे तिने सक्सौलची रोपं लावली,
काडीसारखी, वीतभर.
ऑक्टोबरात येऊन मोजायची:
जिवंत. मेलेली. सापडत नाहीत.
वहीत तीनच रकाने.
पहिल्या साली शंभरातली एकवीस जगली.
दुसऱ्या साली नऊ, तिकडे ती पुन्हा फिरकलीच नाही.
यंदा दिवस मावळेतो चार ओळी झाल्या
आणि पहिला रकाना कोराच.

रडली वगैरे नाही.
पेन्सिल खिशात ठेवली आणि ठरवलं,
थोरलीकडे अक्तौला जायचं, बाजारात मोजे विकायचे.
मोजे निदान वाळून जात नाहीत.

परतताना अंधारात गाडी तापली, बंद पडली.
जोल्दासबायने पिण्याचं पाणी इंजिनाला पाजलं,
आता सकाळी बघू म्हणाला,
आणि घोंगडीत शिरून घोरू लागला.

पहाटे तिला जाग आली ती सवयीने.
श्रद्धेने म्हणावं, तर श्रद्धा कालपासून
तिसऱ्या रकान्यात होती.
वजूला थेंब नव्हता.
पाणी नसेल तिथे माती चालते,
हे बापाने शिकवलं होतं, होडीत बसून,
चहूकडे पाणीच पाणी असताना.
तेव्हा ती खूप हसली होती.

तिने तळावर तळवे टेकले,
तोंडावरून फिरवले, मग हातांवरून.
ओठांना खारट लागलं.
कपाळ टेकलं, पण मागायला काही सुचेना.
‘मी थकले’ एवढंच म्हणाली,
आणि तेही अरबीत नाही.

उजवीकडे मान वळवून सलाम केला.
डावीकडे वळवली
आणि सलाम तोंडातच राहिला.

उजेड जमिनीला लागून येत होता
आणि त्याच्यापुढे ओळीच्या ओळी लाल,
जणू कुणी डाळिंबं फोडत फोडत क्षितिजापर्यंत गेलं होतं.
घोट्याएवढं खारं झुडूप,
कुणी न लावलेलं, थंडी पडली की रंगणारं.
गाडी बंद पडली होती
ती त्या नऊवाल्या जमिनीत.
तिने पाडलेल्या सऱ्यांत बर्फ साचून मुरलं होतं,
मेलेल्या काड्यांच्या आडोशाला वाऱ्याने बी टाकलं होतं.
ट्रॅक्टरवाल्याशी भांडताना जिथे ओळ वाकडी गेली
तिथे लालही वाकडा.

मग वारा सुटला. सगळा तळ हलला.
पाण्यासारखा, असं ती म्हणणार होती.
पण पाणी असं कधी दिसलं नव्हतं,
बापाच्या होडीतूनही नाही.

जोल्दासबाय उठला, डोळे चोळत म्हणाला,
‘काय, किती जगली शेवटी?’
तिने वही उघडली, तिन्ही रकाने पाहिले, मिटली.
एक लाल कांडी मोडून जिभेवर ठेवली.
‘खाल्ल्या मिठाला जागायला हवं,’ म्हणाली.

त्याला वाटलं, न्याहारीचं बोलते आहे.
त्याने पाव पुढे केला.
तिने अर्धा घेतला
आणि खात खात निघाली,
पाचवी ओळ मोजायची राहिली होती.